वायफाय सुटल्यावर जोडणी टिकते का? मोबाईल उपकरणांसाठीच्या प्रोटोकॉलचे मूल्यमापन करणाऱ्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

फोनवर बोलत बोलत तुम्ही घराबाहेर पडता, जिना उतरता, आणि फाटकापाशी पोहोचेपर्यंत फोनने घरचे वायफाय सोडून मोबाईल डेटा धरलेला असतो. तेवढ्या वेळात फोनचा आयपी पत्ता बदललेला असतो. इंटरनेटवर डेटा पोहोचवणाऱ्या टीसीपी या प्रोटोकॉलची, म्हणजे यंत्रांमधील संवादाच्या नियमसंचाची, जोडणी चार गोष्टींवरून ओळखली जाते: आपला पत्ता, आपला पोर्ट (यंत्रावरील कोणत्या ॲपची जोडणी आहे ते सांगणारा क्रमांक), समोरच्याचा पत्ता आणि समोरच्याचा पोर्ट. यांपैकी एक जरी बदलली तरी जुनी जोडणी निरुपयोगी होते आणि सारे नव्याने सुरू करावे लागते. या अडचणीवर उपाय म्हणून १९९६ सालच्या मोबाईल आयपीपासून २०२१ साली मानक म्हणून प्रसिद्ध झालेल्या क्विकपर्यंत अनेक प्रोटोकॉल पुढे आले. त्यांतला आपल्या कामाला कोणता योग्य, हे मोजून ठरवण्याची वेळ कधी पदव्युत्तर प्रकल्पात येते, तर कधी नोकरीच्या पहिल्या वर्षातच.

मी हे काम पहिल्यांदा हाती घेतले तेव्हा जवळजवळ तीन महिने सरासरी थ्रूपुट, म्हणजे प्रत्यक्ष डेटा पोहोचण्याचा वेग, मोजण्यात घालवले आणि शेवटी सगळे प्रोटोकॉल सारखेच दिसू लागले. कारण साधे होते. दहा मिनिटांच्या, म्हणजे ६०० सेकंदांच्या फेरीत जोडणी ३ सेकंद पूर्ण बंद पडली, तरी सरासरीत फक्त अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तेच ३ सेकंद महत्त्वाचे असतात, कारण त्याच वेळी आवाज तुटतो, पैसे भरण्याचे पान अडकते आणि नकाशा थांबतो. म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्या एकाच गोष्टीभोवती रचल्या आहेत: जोडणीत पडलेला खंड मोजायचा, आणि तो कशामुळे पडला हे शोधायचे.

पायरी १ : नेमकी कोणती हालचाल तपासायची आहे ते ठरवा

"मोबाईल" या एका शब्दाखाली निदान चार वेगळ्या परिस्थिती दडलेल्या असतात आणि त्यांची सरमिसळ झाली की पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात.

पहिली परिस्थिती म्हणजे एकाच वायफाय जाळ्यातील एका ॲक्सेस पॉइंटकडून (वायफायचा सिग्नल देणाऱ्या उपकरणाकडून) दुसऱ्याकडे जाणे. महाविद्यालयाच्या आवारात हे सतत घडते. येथे सहसा आयपी पत्ता बदलत नाही. वेळ जातो तो नवा ॲक्सेस पॉइंट शोधण्यात आणि त्याच्याशी पुन्हा ओळख पटवण्यात, आणि हा वेळ कमी करण्यासाठी २००८ साली ८०२.११आर हे मानक आले. दुसरी परिस्थिती म्हणजे एका मोबाईल टॉवरकडून दुसऱ्याकडे जाणे. येथेही पत्ता बहुधा तोच राहतो, कारण मोबाईल जाळे इंटरनेटला जोडणारा घटक, म्हणजे ४जीमध्ये पॅकेट गेटवे आणि ५जीमध्ये यूपीएफ, नांगरासारखा एका जागी स्थिर असतो आणि टॉवर बदलला की त्याच्यापासून नव्या टॉवरपर्यंतचा बोगदा (डेटा वेष्टनात घालून नेणारी वाट) तेवढा वळवला जातो. ५जीमध्ये यासाठी सत्र टिकवण्याचे तीन प्रकार ठरवलेले आहेत: पहिल्यात पत्ता कायम राहतो, दुसऱ्यात जुने सत्र तोडून मग नवे जोडले जाते, आणि तिसऱ्यात नवे जोडून झाल्यावरच जुने सोडले जाते. तिसरी परिस्थिती म्हणजे एका मालकाच्या जाळ्यातून दुसऱ्या मालकाच्या जाळ्यात जाणे, जसे घरच्या वायफायवरून मोबाईल डेटावर. येथे पत्ता खरोखर बदलतो. चौथ्या परिस्थितीत टॉवरच नसतो. उपकरणे एकमेकांमार्फतच पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पुढे पाठवतात आणि हालचालीमुळे मार्गच बदलत राहतात.

येथे फसण्याची जागा अशी की सिम घातलेला फोन गाडीत ठेवून शहरभर फिरवला जातो आणि "क्विकचे स्थलांतर तपासले" असे अहवालात लिहिले जाते. त्या संपूर्ण प्रवासात पत्ता एकदाही बदललेला नसेल, तर तपासले गेले ते मोबाईल कंपनीच्या टॉवरचे हँडओव्हर, म्हणजे एका टॉवरने फोन दुसऱ्याकडे सोपवणे. क्विकची स्थलांतराची सोय, म्हणजे पत्ता बदलूनही जोडणी टिकवणे, वापरलीच गेली नाही. यासाठी दर सेकंदाला उपकरणाचा आयपी पत्ता नोंदवणारी छोटी स्क्रिप्ट पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. या लेखाचा भर तिसऱ्या परिस्थितीवर आहे. चौथीविषयी आठव्या पायरीत थोडक्यात येईल.

पायरी २ : कोणता प्रोटोकॉल कोणत्या थरात काम करतो ते समजून घ्या

तुलना करण्याआधी प्रत्येकाने प्रश्न कुठे सोडवला आहे आणि त्यासाठी कोणाला बदलावे लागते, हे कागदावर लिहून काढा.

मोबाईल आयपीची कल्पना टपालखात्यासारखी आहे. तुम्ही गाव बदलले तरी पत्रे जुन्याच पत्त्यावर येतात आणि तेथील टपाल कार्यालय ती नव्या पत्त्यावर पाठवते. हे काम करणाऱ्या घटकाला होम एजंट म्हणतात. आयपी आवृत्ती ६ साठीचे मोबाईल आयपीचे मानक २००४ साली आले आणि २०११ साली आरएफसी ६२७५ म्हणून सुधारून निघाले (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज). २००८ सालच्या प्रॉक्सी मोबाईल आयपीमध्ये, म्हणजे आरएफसी ५२१३ मध्ये, उपकरणाला काहीच करावे लागत नाही, सगळी हालचाल जाळेच सांभाळते. परंतु त्यामुळे ते एका व्यवस्थापनाच्या हद्दीपुरतेच उपयोगी ठरते.

व्हीपीएनच्या, म्हणजे सगळी वाहतूक सांकेतिक करून नेणाऱ्या खासगी बोगद्याच्या, थरात दोन पर्याय आहेत. २००६ सालचे मोबाइक हे आयपीसेक या व्हीपीएन-मानकाच्या जोडणीला पत्ता बदलण्याची मुभा देते. वायरगार्डमध्ये त्यासाठी वेगळा संदेशच नाही. सर्व्हरला नव्या पत्त्यावरून योग्य किल्लीने सांकेतिक केलेले पॅकेट मिळाले की तो तोच पत्ता त्या वापरकर्त्याचा म्हणून लक्षात ठेवतो.

वाहतुकीच्या थरात मल्टिपाथ टीसीपी आहे. एकाच जोडणीखाली तो वायफाय आणि मोबाईल डेटा असे दोन उपप्रवाह एकाच वेळी चालू ठेवू शकतो. २०१३ साली ॲपलने आयओएस ७ मध्ये सिरीसाठी तो वापरला आणि त्याची सध्याची आवृत्ती, आरएफसी ८६८४, २०२० सालची आहे. क्विक, म्हणजे मे २०२१ मधील आरएफसी ९०००, हा यूडीपी या साध्या, जोडणी न ठेवणाऱ्या प्रोटोकॉलवर चालतो आणि पत्त्याऐवजी कनेक्शन आयडीवरून जोडणी ओळखतो, त्यामुळे पत्ता बदलला तरी संवाद तोच आहे हे दोन्ही टोकांना कळते. मूल्यमापनात ध्यानात ठेवण्याचा फरक असा की मल्टिपाथ टीसीपीला दुसरी वाट आधीच उघडून ठेवता येते, तर क्विकच्या मूळ मानकात एका वेळी एकच वाट वापरून तिच्यावरून दुसरीवर स्थलांतर करायचे असते. त्यामुळे दोघांची तुलना करताना मोबाईल रेडिओ आधीपासून जागा होता की नाही, याची नोंद नसेल तर ती तुलना अन्यायाची होते.

पायरी ३ : साहित्य जमवा

फार खर्च लागत नाही. माझ्या पहिल्या मांडणीत दोन जुने लॅपटॉप आणि एक उसना राउटर एवढेच होते.

- लिनक्स चालणारी तीन यंत्रे: एक ग्राहक, एक सर्व्हर आणि त्यांच्या मधले एक. मधल्या यंत्राची गरज पाचव्या पायरीत कळेल.
- शक्यतो नवा लिनक्स कर्नेल (कार्यप्रणालीचा गाभा). वायरगार्ड आणि मल्टिपाथ टीसीपी हे दोन्ही २०२० सालच्या ५.६ आवृत्तीपासून मूळ कर्नेलमध्ये येऊ लागले. मल्टिपाथ टीसीपीसाठी मात्र त्याहून बरीच पुढची आवृत्ती घ्या, कारण सुरुवातीला त्यात अनेक सोयी नव्हत्या.
- दोन वेगळे वायफाय राउटर, एक अँड्रॉइड फोन आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम.
- सार्वजनिक पत्ता असलेला भाड्याचा एक सर्व्हर.
- पॅकेट पकडण्यासाठी टीसीपीडंप, ती वाचण्यासाठी वायरशार्क, वाहतूक निर्माण करण्यासाठी आयपर्फ ३, आणि जाळ्याचे दोष मुद्दाम निर्माण करण्यासाठी टीसी या आज्ञेतील नेटएम.
- संबंधित आरएफसींच्या छापील किंवा जतन केलेल्या प्रती आणि एक वही. प्रत्येक फेरीची वेळ, कर्नेलची आवृत्ती, सेटिंग आणि काही विचित्र दिसले असल्यास ते, असे सगळे त्याच दिवशी लिहा.

पायरी ४ : खंडाचे तुकडे पाडून मोजा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्या. जुन्या वाटेवरून आलेले शेवटचे उपयुक्त पॅकेट आणि नव्या वाटेवरून आलेले पहिले उपयुक्त पॅकेट यांच्यातील अंतर म्हणजे खंड. पण नुसता "खंड अमुक सेकंदांचा" एवढा आकडा पुरेसा नाही, कारण त्यातला किती दोष प्रोटोकॉलचा आणि किती इतरांचा हे त्यातून समजत नाही. खंडाचे चार भाग पडतात.

पहिला भाग, वाट तुटल्याचे लक्षात येण्याचा. आयपी आवृत्ती ६ मध्ये नवा राउटर आपली जाहिरात करतो तेव्हा उपकरणाला जागा बदलल्याचे कळते. या जाहिरातींमधील कमाल अंतर नेहमीच्या जाळ्यात मुळात ६०० सेकंद ठरवलेले असते. मोबाईल आयपीच्या मानकाने ते ०.०७ सेकंदांपर्यंत खाली आणण्याची परवानगी दिली आहे. उपकरण स्वतःहूनही राउटरला विचारू शकते. तुमच्या मांडणीत यांपैकी काय घडते, हे पॅकेटच्या नोंदीत पाहून लिहा.

दुसरा भाग, नवा पत्ता मिळण्याचा. पत्ता दुसऱ्या कोणाचा नाही ना, याची खात्री करण्यासाठी आवृत्ती ६ मध्ये साधारण १ सेकंद थांबावे लागते. २००६ सालच्या आरएफसी ४४२९ मधील आशावादी पद्धतीत ही तपासणी चालू असतानाच पत्ता वापरता येतो. ही एक सोय चालू आहे की बंद, यावरून निकाल पूर्ण सेकंदाने बदलू शकतो, आणि त्या सेकंदाचे श्रेय किंवा दोष चुकून प्रोटोकॉलला दिला जातो.

तिसरा भाग, समोरच्याला नवा पत्ता कळवण्याचा आणि त्याने तो पडताळण्याचा. क्विकमध्ये सर्व्हर नव्या वाटेवर एक आव्हान पाठवतो आणि त्याचे बरोबर उत्तर आले तरच ती वाट खरी मानतो. तोपर्यंत त्या पत्त्यावर, तेथून आलेल्या डेटाच्या तिपटीहून अधिक पाठवायचे नाही असे बंधन आहे. मोबाईल आयपी आवृत्ती ६ मध्ये होम एजंटमार्गे एक आणि थेट एक अशा दोन वाटांनी तपासणी होते. हा भाग पॅकेट जाऊन उत्तर परत येण्याच्या विलंबावर अवलंबून असल्यामुळे २० मिलिसेकंदांच्या प्रयोगशाळेत मिळालेला आकडा २०० मिलिसेकंदांच्या जगात लागू पडत नाही. किमान तीन वेगवेगळ्या विलंबांवर चाचणी करा.

चौथा भाग, वेग पूर्ववत होण्याचा, आणि नवोदितांकडून नेमका हाच राहून जातो. टीसीपीचे उदाहरण घ्या. समजा पॅकेट हरवल्यावर पुन्हा पाठवण्याचा टायमर ०.२ सेकंदांचा आहे आणि प्रत्येक अपयशानंतर तो दुप्पट होतो. मग पुन्हा पाठवण्याचे प्रयत्न ०.२, ०.६, १.४, ३.० आणि ६.२ सेकंदांना होतील. वाट ३.१ सेकंदांनी पूर्ववत झाली, तरी टीसीपी ६.२ सेकंदांपर्यंत गप्प बसून राहील. म्हणजे जाळ्यातील खंड ३.१ सेकंदांचा आणि वापरकर्त्याने सोसलेला ६.२ सेकंदांचा. पत्ता कायम ठेवणाऱ्या बोगद्याच्या पद्धतीत, म्हणजे मोबाईल आयपीत किंवा वायरगार्डमध्ये, आतल्या टीसीपीला खाली काय झाले याची कल्पनाच नसते, म्हणून हा परिणाम तेथे ठळक दिसतो. क्विकमध्ये वेगळी गोष्ट घडते: नव्या वाटेची खात्री पटल्यावर मानकाप्रमाणे गर्दी-नियंत्रण (जाळ्याला झेपेल तेवढाच वेग ठेवणारी यंत्रणा) आणि विलंबाचा अंदाज दोन्ही प्रारंभिक स्थितीत न्यावे लागतात, त्यामुळे जोडणी टिकते पण वेग पुन्हा तळापासून चढतो. यासाठी खंडानंतर स्थिर वेगाच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचायला किती वेळ लागला, हा वेगळा आकडा ठेवा.

याखेरीज हरवलेली आणि उलटसुलट क्रमाने आलेली पॅकेटे, बोगद्याच्या वेष्टनाने वाढलेला प्रत्येक पॅकेटचा आकार आणि बॅटरीचा वापर हेही नोंदवा. आवाजाच्या सेवेसाठी तपासत असाल, तर आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीतील एकेरी १५० मिलिसेकंदांची मर्यादा समोर ठेवा.

पायरी ५ : प्रयोगशाळेतील मांडणी उभी करा

ग्राहक यंत्रातून सर्व्हरपर्यंत दोन स्वतंत्र वाटा करा आणि दोन्ही मधल्या यंत्रातून जाऊ द्या. एका वाटेला घरच्या वायफायसारखा कमी विलंब द्या, दुसरीला मोबाईल डेटासारखा जास्त आणि अस्थिर. हे दोष नेटएमने निर्माण करता येतात. ते ग्राहक किंवा सर्व्हर यंत्रावरच लावण्याचा मोह टाळा, कारण पाठवणाऱ्या यंत्रावरच रांग अडली तर तेथील टीसीपीला ती आतून जाणवते आणि त्याचे वागणे बदलते. खऱ्या जाळ्यात असे होत नाही. मधले यंत्र हवे ते यासाठीच.

नेटएमच्या तीन सवयी लक्षात ठेवा. त्याची रांग मुळात १,००० पॅकेटांची असते. १०० मेगाबिटच्या वाटेवर २०० मिलिसेकंदांचा विलंब लावला, तर १,५०० बाइटची सुमारे १,६६७ पॅकेटे एका वेळी त्या रांगेत असावी लागतात, म्हणजे तुम्ही न सांगताच पॅकेटे गळू लागतात आणि दोष प्रोटोकॉलवर येतो. दुसरे, विलंबात चढउतार ठेवला की पॅकेटांचा क्रमही बदलतो, जे तुम्हाला अपेक्षित नसेल. तिसरे, साध्या टक्केवारीने दिलेली गळती सुटी सुटी असते, तर रेडिओवर पॅकेटे झुपक्याने हरवतात. यासाठी गिल्बर्ट-इलियट या प्रारूपाचा पर्याय नेटएममध्येच आहे, तो वापरा.

घड्याळांबद्दलही एक सूचना. एकेरी विलंब मोजायचा असेल, तर दोन यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत, आणि इंटरनेटवरून जुळवलेल्या घड्याळांत काही मिलिसेकंदांची चूक सहज राहते. शक्य तेथे खंड एकाच यंत्राच्या घड्याळावर मोजा, म्हणजे हा प्रश्नच उरत नाही.

पायरी ६ : वाट तीन वेगवेगळ्या प्रकारे तोडा

बहुतेक जण आज्ञा देऊन वायफाय बंद करतात आणि त्यालाच हालचाल समजतात. आज्ञा दिल्याबरोबर कार्यप्रणालीला वाट गेल्याचे कळते आणि ती लगेच दुसरी वाट धरते. प्रत्यक्षात माणूस राउटरपासून दूर जातो तेव्हा सिग्नल हळूहळू क्षीण होत जातो, आणि फोन जवळजवळ मेलेल्या वायफायला बराच वेळ चिकटून राहतो. मी स्वतः आधी फक्त पहिला प्रकार तपासला होता आणि त्यामुळे जो प्रोटोकॉल सर्वोत्तम ठरवला, तो जिन्यावर घेतलेल्या पहिल्याच चाचणीत मागे पडला.

म्हणून प्रत्येक प्रोटोकॉलसाठी तीनही प्रकार करा. स्वच्छ तोड: आज्ञेने वाट बंद. मूक तोड: वाट वरवर चालू दिसते, पण मधले यंत्र सगळी पॅकेटे टाकून देते. सावकाश तोड: गळती आणि विलंब तीस-चाळीस सेकंदांत पायरीपायरीने वाढवत न्या.

डेटाची दिशाही बदलून पाहा. सर्व्हरकडून नुसते उतरवणे चालू असेल आणि ग्राहक शांत असेल, तर वायरगार्डच्या सर्व्हरला नवा पत्ता कळायला काही मार्गच नसतो. ग्राहकाने काहीतरी पाठवेपर्यंत तो जुन्याच पत्त्यावर पाठवत राहतो. क्विकमध्येही नव्या वाटेवर पहिले पॅकेट ग्राहकानेच टाकावे लागते आणि जाळे बदलल्याचे त्या लायब्ररीला ॲपने कळवले नाही, तर ते टाकले जाईलच असे नाही. चढवणे, उतरवणे, आणि काहीच न पाठवता उघडी ठेवलेली जोडणी, या तीनही स्थितींची नोंद वेगळी ठेवा.

फेऱ्यांचा क्रम आलटून पालटून लावा. सकाळी एका प्रोटोकॉलच्या सगळ्या फेऱ्या आणि संध्याकाळी दुसऱ्याच्या, असे केले तर तुम्ही दिवसाच्या वेळांची तुलना करता. प्रत्येक स्थितीसाठी निदान पन्नास खंड गोळा करा आणि दोन खंडांमध्ये वेग स्थिर व्हायला पुरेसा अवकाश द्या.

पायरी ७ : प्रोटोकॉल खरोखर चालू होता का, ते पडताळा

ही पायरी गाळली तर संपूर्ण काम वाया जाऊ शकते. मल्टिपाथ टीसीपी आपली ओळख टीसीपीच्या शीर्षकातील (पॅकेटच्या सुरुवातीच्या माहितीतील) ऑप्शनमधून देतो. वाटेतील एखाद्या फायरवॉलने ते काढून टाकले, तर तो कोणतीही तक्रार न करता साध्या टीसीपीवर उतरतो. आकडे मिळतात, आलेख निघतो, आणि तो साध्या टीसीपीचा असतो. म्हणून प्रत्येक फेरीच्या पॅकेट-नोंदीत सुरुवातीची ओळख दोन्ही दिशांना दिसते का आणि दुसरा उपप्रवाह खरोखर उघडला का, हे वायरशार्कमध्ये तपासा. तसेच ब्राउझरला यूडीपीची वाट बंद आढळली, तर तोही क्विक सोडून टीसीपीवर जातो.

क्विकच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी पाहा. सर्व्हर सुरुवातीच्या वाटाघाटीतच स्थलांतराला मनाई करू शकतो. ती मनाई आहे का ते पाहा. सर्व्हरच्या पुढे भार वाटणारे यंत्र असेल आणि ते पत्ता व पोर्टवरून वाटणी करत असेल, तर स्थलांतरानंतरचे पॅकेट भलत्याच सर्व्हरकडे जाते आणि जोडणी तुटते. यात दोष क्विकचा नसून त्या वाटणीचा आहे, आणि तुमच्या प्रयोगशाळेत एकच सर्व्हर असल्यामुळे तो तेथे कधीच दिसणार नाही. शेवटचे म्हणजे नॅटने (अनेक उपकरणांना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणाऱ्या राउटरमधील सोयीने) केवळ पोर्ट बदलणे आणि उपकरणाने पत्ता बदलणे या वेगळ्या घटना आहेत. पहिलीत मानक गर्दी-नियंत्रण जसेच्या तसे ठेवू देते, दुसरीत नाही.

शांत जोडण्यांना नॅटचा आणखी एक धोका असतो. यूडीपीची नोंद दोन मिनिटांच्या आत पुसू नये असे आरएफसी ४७८७ सांगते, परंतु अनेक राउटर ती त्याआधीच पुसतात. वायरगार्डमध्ये २५ सेकंदांनी एक रिकामे पॅकेट पाठवत राहण्याचा सल्ला दिला जातो तो यामुळेच. ही सोय चालू केल्यास बॅटरीवर होणारा परिणामही मोजा.

पायरी ८ : सिम्युलेशन वापरणार असाल तर

उपकरणेच एकमेकांची पॅकेटे वाहतात अशा जाळ्यांसाठी, किंवा शेकडो उपकरणे लागणाऱ्या प्रश्नांसाठी, एनएस-३ किंवा ओम्नेट++ या सिम्युलेटरना पर्याय नाही. या क्षेत्रात आधी जानेवारी १९९९ मधील आरएफसी २५०१ वाचा. तो मूल्यमापनासाठीच लिहिलेला आहे आणि केवळ पॅकेट पोहोचण्याचे प्रमाण न पाहता, एक उपयुक्त बिट पोहोचवण्यासाठी किती बिट खर्च झाले हेही पाहा, असे तो सुचवतो.

हालचालीचे प्रारूप डोळसपणे निवडा. यादृच्छिक थांब्यांचे प्रारूप, ज्याला रँडम वेपॉइंट म्हणतात, फार लोकप्रिय आहे. परंतु त्यात किमान वेग शून्य ठेवला तर सरासरी वेग सतत घटत जातो आणि स्थिरावतच नाही, हे २००३ सालीच दाखवून दिले गेले आहे. शिवाय उपकरणे मैदानाच्या मध्यभागी गर्दी करतात. किमान वेग शून्याहून स्पष्टपणे वर ठेवा आणि सुरुवातीचा काळ मोजणीतून वगळा. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या तुलनेत ५० उपकरणे, १,५०० बाय ३०० मीटरचे मैदान आणि ९०० सेकंदांचा कालावधी होता. पुढे अनेकांनी तेच आकडे उचलले. तुमचा प्रश्न जर पंढरीच्या वारीत चालणाऱ्यांच्या फोनचा असेल, तर त्या मैदानाचा त्याच्याशी काही संबंध नाही. प्रत्येक फेरीचा यादृच्छिक बीजांक, म्हणजे यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारी संख्या, बदला आणि तो नोंदवा.

पायरी ९ : प्रयोगशाळेबाहेर पडा

ठरलेला एक मार्ग निवडा आणि तोच पुन्हा पुन्हा चाला. घरातून निघून राउटरची हद्द संपेपर्यंत आणि परत, हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत बोलका मार्ग आहे. मुंबई-पुणे रेल्वेवर कर्जत ते खंडाळा हा घाटातील बोगद्यांचा टप्पाही फार उपयोगी पडतो, मात्र तेथे काय तपासले जाते ते नीट समजून घ्या: बोगद्यात सिग्नल जातो आणि येतो, पत्ता बहुधा तोच राहतो, म्हणजे ती दुप्पट होत जाणाऱ्या टायमरची चाचणी आहे.

सार्वजनिक वायफायपासून सावध राहा. फोन त्याला जोडला जातो, पत्ताही मिळतो, पण ओटीपी टाकेपर्यंत इंटरनेट मिळत नाही. अशा वेळी पत्ता बदललेला दिसतो आणि वाट मात्र बंद असते. ही फेरी मुख्य मोजणीतून वगळा, परंतु फेकून देऊ नका, कारण वापरकर्त्यांना ती रोज भेटते. अँड्रॉइडमधील विकसक पर्यायांत मोबाईल डेटा कायम चालू ठेवण्याची सोय आहे. ती चालू असेल तर दुसरी वाट आधीच तयार असते आणि खंड लहान दिसतो. ती चालू ठेवून आणि बंद ठेवून, अशा दोन्ही फेऱ्या घ्या.

पायरी १० : निकाल मांडा

प्रत्येक प्रोटोकॉलसाठी खंडाचा मध्यक आणि ९५ वा शतमक (ज्याच्या खाली ९५ टक्के खंड येतात तो आकडा) द्या, आणि शक्य असेल तर संपूर्ण वितरणाचा आलेख काढा. मध्यक लहान आणि शेपूट लांब असलेला प्रोटोकॉल कागदावर चांगला दिसतो, पण वीस वेळांतून एकदा वापरकर्त्याला दहा सेकंद ताटकळत ठेवतो. आवाजाच्या सेवेसाठी मी तो निवडणार नाही, फाइल उतरवण्यासाठी कदाचित निवडेन. ज्या फेऱ्यांत जोडणी पूर्ववत झालीच नाही, त्या वगळू नका. त्यांची संख्या वेगळ्या स्तंभात लिहा, नाहीतर सर्वांत वाईट अपयशेच तक्त्यातून गायब होतात आणि वाईट प्रोटोकॉल चांगला दिसू लागतो.

खंडाचे चारही भाग एकावर एक रचलेल्या स्तंभांत दाखवा. वाचणाऱ्याला लगेच कळेल की अमुक ठिकाणी प्रोटोकॉल बदलून उपयोग नाही, नवा पत्ता मिळण्याची पद्धत सुधारली तर सेकंद वाचतो. अहवालासोबत स्क्रिप्ट, सेटिंग आणि पॅकेट-नोंदी द्या. नोंदी देण्यापूर्वी पॅकेटांमधील मजकूर कापून फक्त शीर्षके ठेवा आणि फोनचे खरे पत्ते बदला, कारण चाचणी चालू असताना त्याच फोनवर आलेले इतरांचे संदेशही त्या फाइलमध्ये पकडले गेलेले असतात.